ऑनलाइन बॅकअप ठेवलाय, पण परत उतरवून कोणी बघितलाय का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका. आमचं घर चिपळूणला, बाजारपेठेच्या जवळ, म्हणजे २००५ आणि २०२१ दोन्ही पूर घरात येऊन गेलेत. २०२१ ला कॉम्प्युटर वेळेवर वर माळ्यावर नेला म्हणून वाचला, शेजाऱ्यांचे तर लग्नाचे अल्बम, दुकानांच्या वह्या, सीपीयू सगळं चिखलात. आता मुद्दा असा की बाबा निवृत्त शिक्षक, गेली पंचवीसेक वर्षं आमच्या भागातली देवळं, किल्ले, जुने रस्ते यांवर लिहितायत. ते सगळं त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याची कॉपी एका हार्ड डिस्कवर जी त्याच टेबलाच्या खणात असते :) शिवाय जुन्या फोटोंचे स्कॅन, सातबारे-फेरफारांचे स्कॅन आणि भावाच्या दुकानाची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर). सगळं मिळून २०० जीबीच्या आत बसेल.

मी पुण्यात असते, आईबाबा आणि भाऊ तिकडे. हे सगळं ऑनलाइन ठेवायचंय. कुठे ठेवू हे तर सांगाच, पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. व्हिडिओ बघितले त्यात सगळे चढवायचं कसं ते दाखवतात, उद्या कॉम्प्युटर गेलाच तर नव्या मशिनवर जसंच्या तसं परत आणायचं कसं हे कोणीच दाखवत नाही. इथे कोणी खरंच परत आणून बघितलंय का?

शेवटची_लोकल
गूगल ड्राइव्हवर टाका आणि निवांत झोपा. एवढा मोठा धागा कशाला?

रात्रपाळी
लोकलभाऊ, निवांत झोपणाऱ्यांचेच फोन मला रात्री येतात, सपोर्टमध्ये आहे मी.

पिंपळपान ताई, आधी जागेचं बघू. गूगलचे फुकट १५ जीबी असतात पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून, त्यात आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॅपचा बॅकअपही मोजतात, त्यामुळे ते आधीच भरलेले असणार. फोटो अमर्याद फुकट ठेवायचे दिवस १ जून २०२१ ला संपले. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह ५ जीबी फुकट देतात, ड्रॉपबॉक्स २. म्हणजे तुमचं काम फुकटात होणार नाही, पैसे भरावेच लागतील. गूगलचा २०० जीबीचा प्लॅन काठोकाठ होईल. वर्डची सदस्यता तशीही घेणार असाल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ बरोबर १ टीबी वनड्राइव्ह येतं, ते मला जास्त परवडणारं वाटतं. कुठलंही घ्या, त्याने फार फरक पडत नाही.

फरक कशाने पडतो ते सांगतो. लोक ज्याला बॅकअप म्हणतात ते बहुतेक वेळा सिंक असतं. सिंक म्हणजे इकडे जे होईल ते तिकडे. इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडाली, इकडे व्हायरसने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या की त्या कुलूपबंद फायलीच इमानदारीत वर जाऊन बसतात. मग तुमच्या हातात उरते ती मुदत. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, गूगल फोटोमध्ये बॅकअप झालेला फोटो असेल तर ६० दिवस. ड्राइव्हमध्ये वर्ड, पीडीएफ असल्या फायलींची जुनी रूपं ३० दिवस किंवा १०० रूपं इतकीच राहतात, एखादं रूप कायम ठेवायचं तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. वनड्राइव्हला पैसे भरणाऱ्यांसाठी अख्खं खातं मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या दिवसावर नेऊन ठेवायची सोय आहे, व्हायरसच्या वेळी ती फार कामाची. पण बाबांच्या हातून एखादा लेख गणपतीत उडाला आणि दिवाळीत लक्षात आलं तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. म्हणून सिंकच्या फोल्डरबाहेर, कोणी रोज हात लावत नाही अशी एक वेगळी प्रत पाहिजे.

बॅकबेंचर
वाचनखूण साठवली. गणपती ते दिवाळी हे उदाहरण भारी.

खवचट_खान
आणि त्या कंपनीच्याच इमारतीला आग लागली तर? ह. घ्या.

रात्रपाळी
हलकं कशाला घेऊ, लागली आहे की. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, ज्यांनी वेगळा बॅकअप घेतला नव्हता त्यांचा डेटा गेला तो गेलाच. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियात डेजॉनला सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची सोय होती तिचा ८५८ टीबी डेटा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. आणि उलट बाजूचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडच्याच चुकीने त्यांचं क्लाउडवरचं सदस्यत्व पुसलं गेलं, दोन वेगवेगळ्या भागांतल्या प्रती होत्या त्याही गेल्या, कारण दोन्ही त्याच सदस्यत्वात. वाचले कशामुळे तर वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपमुळे, त्यात दुसऱ्या कंपनीकडचाही होता.

यावरच तो ३-२-१ चा नियम आहे, पीटर क्रोग या फोटोग्राफरच्या नावाने ओळखला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. चिपळूणकरांना घराबाहेर म्हणजे काय ते मी सांगायला नको.

पिंपळपान
घराबाहेर नाही, गावाबाहेर :) हार्ड डिस्क पुण्याला घेऊन येतेय, ते तर नक्की. क्लाउडचं पण ठरत आलंय.

जुना_टाइपसेटर
ताई, एक विचारतो. तुमचे बाबा पंचवीस वर्षं लिहितायत म्हणता, म्हणजे सुरुवातीच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आता कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं त्या मराठीत, नसणार. त्या काळच्या कुठल्या मराठी फॉन्टमध्ये आहेत? श्रीलिपी? आयएसएम? डीव्हीबी योगेश?

पिंपळपान
काका, बरोबर ओळखलंत. २००८-०९ पर्यंतचं सगळं योगेशमध्ये आणि थोडं श्रीलिपीत. पुढचं युनिकोड. आणि तीन पुस्तिका पेजमेकरमध्ये (छपाईसाठी पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आहेत, तेव्हा गावातल्या प्रेसवाल्याने करून दिलेल्या.

जुना_टाइपसेटर
मग माझं ऐका, इथे बाकीच्यांना कदाचित कंटाळा येईल पण मराठी माणसाच्या बॅकअपची अर्धी रड इथेच आहे.

त्या काळचे फॉन्ट म्हणजे फसवाफसवी होती. फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. त्यामुळे फाइल क्लाउडवर शंभर वर्षं सुखरूप राहिली तरी नव्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसता चिन्हांचा सडा दिसणार. क्लाउडच्या दृष्टीने फाइल शाबूत, तुमच्या दृष्टीने मेली. शिवाय योगेशमधला सडा आणि श्रीलिपीतला सडा वेगळा, दहा वर्षांनी कोणाला कळणारही नाही की कुठला लेख कशात होता. आणि शोधायला गेलात तर "गुहागर" टाकून एकही लेख सापडणार नाही कारण फाइलमध्ये गुहागर हा शब्दच नाही.

तर काय करायचं. मूळ फाइल आहे तशी ठेवा, तिला हात लावू नका. ज्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसते त्याच कॉम्प्युटरवर, तो चालू आहे तोवर, प्रत्येकाची पीडीएफ करून घ्या, फॉन्ट आत बसवून. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हे आज करा, तो कॉम्प्युटर पुराने नाही गेला तरी वयाने जाईल. मग विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या फॉन्टच्या फायली काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. काही सॉफ्टवेअरना लॉक असायचं, कॉम्प्युटरला मागे लावायची ती दांडी, ते लॉक गेलं तर सॉफ्टवेअर चालत नाही, तेव्हा तेही जपून. शेवटी सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर. कन्व्हर्टर आहेत पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रफार पुढच्यामागच्या अक्षरावर जाऊन बसतो, "दुसऱ्या"मधला अर्धा र बिघडतो, पहिली वेलांटी उडी मारते. बाबांनाच वाचायला बसवा, त्यांच्याइतकं कोणाला नाही कळणार.

पेजमेकरची गोष्ट अजून अवघड. शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर सीएस६ या आवृत्तीपर्यंत पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडायचं, त्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये ते बंद. आणि पेजमेकरमध्ये चित्रं बहुतेक वेळा बाहेरच्या फोल्डरमधून जोडलेली असतात, नुसती पेजमेकरची फाइल वाचवली तर चित्रांच्या जागी धूसर ठिपके छापून येतील.

बॅकबेंचर
काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो!

कोशिंबीर
टाइपसेटर काकांना +१. माझ्या सासऱ्यांच्या कवितांचं हेच झालं, फायली आहेत, वाचता येत नाहीत.

जुना_टाइपसेटर
एखादी फाइल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फॉन्ट ओळखून सांगतो. सड्यावरून कळतं.

उधारी_बंद
टॅलीबद्दल मी बोलू शकतो, स्वतःचं दुकान आहे. टॅलीचं डेटा फोल्डर सरळ सिंकला लावू नका. टॅली चालू असताना त्या फायली सतत बदलत असतात, अर्धी नवी अर्धी जुनी अशी वर जाते आणि परत उतरवली की टॅलीतली कंपनी, म्हणजे दुकानाचं खातं, उघडत नाही. टॅलीच्या आतच बॅकअपचा पर्याय आहे, रात्री दुकान बंद करताना त्याने बॅकअप काढायचा, टॅली बंद करायची आणि ती बॅकअपची फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये तारखेच्या नावाने. जुनी फाइल पुसून त्यावरच नवी लिहू नका, महिनाअखेरची एकेक वेगळी ठेवा. आणि दर मार्च एंडला सीएकडे जायच्या आधी एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर रिस्टोर करून ताळेबंद जुळतोय का बघायचं. तसाही ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिवस म्हणतात, आपल्याला तो वेगळा पाळायला नको.

हुशार_हरी
आधार, पॅन, सातबारे हे असं उघडं क्लाउडवर ठेवणं सेफ आहे का? मला तरी पटत नाही.

रात्रपाळी
उघडं ठेवूच नका. साधा मार्ग म्हणजे सेव्हन-झिपने पासवर्ड घालून एक फाइल करायची. वरचेवर लागत असतील तर क्रिप्टोमेटर बघा, ते फायली कॉम्प्युटरवरच कुलूपबंद करून मग वर पाठवतं. पण इथे एक लक्षात घ्या की हा पासवर्ड विसरला तर "फर्गॉट पासवर्ड" नावाची भानगड नसते, कंपनीला विनंती करून काही होत नाही. बाबांच्या लेखांना कुलूप घालायची काही गरज नाही, ते लोकांनी वाचावेत म्हणूनच लिहिलेत ना. कुलूप फक्त कागदपत्रांना.

आणि कागदपत्रांत पण निवड करा. आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमधून थेट खात्याकडून आलेलं असेल तर ते मूळ कागदाइतकंच चालतं, तुम्ही स्वतः स्कॅन करून तिथे चढवलेलं मात्र नुसतं स्कॅनच. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून लोक गोंधळतात. आजचा सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन कधीही काढता येतो. म्हणजे हे हरवलं तरी परत मिळणारं आहे. आजोबांच्या वेळचं खरेदीखत, हाती लिहिलेले जुने फेरफार, घरातली पत्रं, फोटो, हे परत मिळणारं नाही. आधी ते चढवा.

पाचगणीची_पाटी
कॉलेजवाल्यांसाठी जाता जाता. कॉलेजच्या आयडीवर खूप जागा मिळते म्हणून आमच्या बॅचने सगळे प्रोजेक्ट, ट्रिपचे फोटो तिथेच ठेवले. पास झाल्यावर कॉलेज तो आयडी बंद करतं. आणि "शेअर्ड विथ मी"मध्ये दिसणारी फाइल आपली नसते, ज्याची आहे त्याने उडवली की आपल्याकडूनही गेली.

अजून एक. गूगल डॉक्सची फाइल ड्राइव्हच्या फोल्डरमधून उचलून पेनड्राइव्हवर टाकली की कॉपी झाली असं वाटतं. ती काही केबीची फाइल असते, आत नुसता पत्ता, मजकूर शून्य. मजकूर पाहिजे तर डाउनलोड करताना वर्ड किंवा पीडीएफ करून घ्यावा लागतो.

शेवटची_लोकल
हे शेवटचं खरंच माहीत नव्हतं. आत्ता पेनड्राइव्ह बघितला. १ केबी.

खवचट_खान
निवांत झोपा.

न्यूजर्सीची_वहिनी
फायलींचं सगळं झालं, खात्याचं कोणी बोलेना म्हणून लिहिते. आमच्याकडे सगळ्यांची खाती भारतातल्या नंबरवर होती. इकडे आल्यावर रिचार्ज करायचं राहतं, ९० दिवस वापर नसला की नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि मग नव्या लॅपटॉपवर लॉगिन करताना ओटीपी कुठे जाणार? फायली ढीग सुखरूप असल्या तरी दारातच अडकलात. म्हणून गूगलचे ते १० बॅकअप कोड असतात, आठ आकडी, एकेक कोड एकदाच चालतो, ते कागदावर छापून घ्या आणि कागद पुण्यात एक, चिपळूणला एक.

दुसरं, खातं दोन वर्षं अजिबात वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून ही अंमलबजावणी सुरू झाली. बाबांच्या नावाचं वेगळं खातं काढून त्यात सगळं ठेवाल आणि कोणी उघडणारच नाही असं नको. आणि गूगलमध्ये एक सोय आहे, खातं इतके महिने निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते आधी सांगून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत नावं देता येतात. घरात हा विषय काढायला जड जातं, मी सासूबाईंबरोबर बसून दोघींचं एकदमच केलं, म्हणजे "माझंच का" असं झालं नाही.

पिंपळपान
वहिनी, हे फार बरं सांगितलंत. बाबांबरोबर माझंही करते.

रात्रपाळी
आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. परत आणायचं कसं, तर करूनच बघायचं. एखादा लॅपटॉप मागून घ्या ज्यात तुमचं काहीच नाही. जुन्या कॉम्प्युटरकडे बघायचंही नाही, तो वाहून गेला असं समजायचं. त्या लॅपटॉपवर लॉगिन होतंय का इथपासून सुरुवात. मग पाच-सहा फायली वेगवेगळ्या प्रकारच्या उतरवा, एक योगेशमधली, एक पेजमेकर, काही फोटो, एक पासवर्डवाली, टॅलीचा बॅकअप. नुसतं उतरली म्हणून सोडू नका, उघडा. मग एक अख्खं फोल्डर उतरवून फायलींची संख्या आणि एकूण आकार मूळाशी ताडून बघा.

वेळेचाही अंदाज ठेवा. २० एमबीपीएसच्या अपलोडने २०० जीबी चढायला सलग २२ तासांच्या वर लागतात, प्रत्यक्षात जास्तच. आणि पुरानंतर फायबर तुटलेला, मोबाइलवर दिवसाला दीड जीबी, तर तेवढंच परत उतरवायला चार महिने. त्यामुळे क्लाउड असला तरी ती पुण्यातली हार्ड डिस्क सोडू नका. खरी गरज पडली तर एसटीने येणारी डिस्क इंटरनेटच्या आधी पोचेल.

पिंपळपान
धागा वर काढतेय. मधे चिपळूणला जाऊन आले आणि रात्रपाळी यांनी सांगितलं तसं मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सगळं करून बघितलं. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

लॉगिन झालं, कोड वापरून. साधे वर्ड, पीडीएफ, युनिकोडवाले लेख सगळे नीट. मोठं फोल्डर ब्राउझरमधून उतरवलं तर ड्राइव्हने त्याच्या बऱ्याच झिप केल्या आणि एकाच फोल्डरमधल्या फायली वेगवेगळ्या झिपमध्ये विखुरल्या, सगळ्या एकाच जागी उघडल्यावर जुळल्या. पण काही फायली उघडेचनात, एरर नावाची लांबी जास्त असल्याची. बाबा फाइलला अख्खं शीर्षक नाव म्हणून देतात, "अंजनवेलच्या गोपाळगडाच्या तटबंदीविषयी काही निरीक्षणे सुधारित प्रत दुसरी अंतिम" अशी नावं, त्यात फोल्डरच्या आत फोल्डर. विंडोजला एकूण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच चालतो म्हणे. सी ड्राइव्हच्या आत लहान नावाचं फोल्डर करून तिथे उघडल्या तेव्हा सगळ्या निघाल्या. बाबांना नावं लहान करा म्हटलं तर म्हणाले, मग कळणार कसं कशावर आहे ते.

फोटो. ते गूगल फोटोमध्ये होते आणि मी स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तिथे बसून अंदाजे वर्षं घातली होती, आजीचं लग्न १९५२ वगैरे. टेकआउटने (गूगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) उतरवले तर प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल (फोटोची माहिती असलेली वेगळी मजकुराची फाइल) आली, घातलेली वर्षं त्यात होती, फोटोत नाही. फोटोची स्वतःची तारीख स्कॅन केला त्या दिवसाची. वर्षं आता फाइलच्या नावातच घालतेय, १९५२ आधी आणि मग बाकीचं. टेकआउटची लिंक साधारण आठवडाभरच चालते, हेही ध्यानात ठेवा.

योगेशच्या फायली काकांनी सांगितलं तसा सडा. फॉन्ट बरोबर ठेवला होता तो बसवला, लगेच मराठी झालं. पीडीएफ सगळ्यांच्या झाल्यात, बाबा रोज चार-पाच लेख युनिकोडचे तपासतायत आणि तपासता तपासता सुधारतायत, त्यामुळे आता नवीच आवृत्ती होतेय, ते वेगळं. टॅली भावाने रिस्टोर करून बघितली, आकडे जुळले.

पेजमेकर मात्र हरलं. लॅपटॉपवर काहीच उघडत नाही आणि जुन्या कॉम्प्युटरवरचं पेजमेकर कधीच काढून टाकलेलं आहे. छापील पुस्तिका आहेत, त्या स्कॅन करून ठेवल्यात, पण फाइल उघडली तर बरं.

हुशार_हरी
सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. मधेच एक प्रश्न, व्हॉट्सॅपचा बॅकअप पण असाच उतरवता येतो का? आमच्या सोसायटीची पाच वर्षांची भांडणं त्यात आहेत.

रात्रपाळी
नाही, ड्राइव्हमधून तो फाइलसारखा उघडून बघता येत नाही. तोच नंबर, तेच गूगल खातं, आणि ॲप नवीन टाकताना तो विचारतो तेव्हाच रिस्टोर म्हणायचं, तिथे पुढे गेलात की परत ॲप काढून टाकावं लागतं. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावली असेल तर तीही लागणार. अँड्रॉइडवरून आयफोनला जाणार असाल तर ड्राइव्हवरचा बॅकअप तिकडे चालत नाही, दोन्ही फोन हातात असताना मूव्ह टू आयओएस या ॲपने न्यावं लागतं. महत्त्वाच्या भांडणांचं चॅट एक्स्पोर्ट करून साध्या मजकुराची फाइल ठेवा, ती कुठेही उघडते.

खवचट_खान
सोसायटीत नवा सेक्रेटरी आला की परत उतरवायला उपयोगी.

जुना_टाइपसेटर
पिंपळपान ताई, माझ्याकडे एक जुनं मशिन अजून चालू आहे, त्यात पेजमेकर ७ पण आहे आणि सीएस६ पण. तिन्ही पुस्तिकांची फोल्डरं आहेत तशी झिप करून पाठवा, काही निवडू नका, वगळू नका. फॉन्ट पण पाठवा, प्रेसवाल्याने कुठला वापरलाय सांगता येत नाही. उघडल्या तर पीडीएफ करून देतो.

पिंपळपान
काका, आज रात्री चढवते आणि लिंक व्यनि करते. चित्रांचं फोल्डर भावाला शोधायला सांगितलंय, प्रेसवाल्याने तेव्हा सीडीवर दिलेलं, सीडी सापडलीय, आता सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधतोय.